दगडी बाईचा चुडा

गावी गेले की मी आधी महादेवाच्या देवळात जाते. तिथल्या एका खांबावर ओले केस पिळणारी दगडी बाई कोरलेली आहे. कुणा जुन्या कारागिराने घडवलेली तिची झुकलेली मान पाहिली, की मन निवतं.

यंदा गेले, तर रंगारी तात्या तिला गुलाबी ऑइलपेंट देत होते. गावानेच ते हौसेने ठरवलं होतं.

"बघ गं पोरी, कशी उजळली!" तात्या म्हणाले. मनगटावरची एकेक बांगडी ते श्वास रोखून हिरवी करत होते. कोरणाऱ्यानेही असाच श्वास रोखला असेल. मला त्यांना थांबवता येईना.

"ओठांना कुठला रंग देऊ?" त्यांनी विचारलं.

"लाल," मी म्हणाले.