पालथं रजिस्टर

खोलीत कोणीही शिरलं, अगदी माशी जरी शिरली, तरी भाऊ आधी रजिस्टर पालथं घालायचे आणि वर जेवणाचा डबा ठेवायचे. मग विचारायचे, "बोल, काऊन आला?"

नांदुऱ्याकडच्या एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात ते रक्त तपासायचे आणि मी केसपेपरच्या खिडकीत बसायचो. तालुक्यात पाणी नसेल एवढं रक्त त्यांच्या ओळखीचं. तीस वर्षांत एक नळी इकडची तिकडे नाही. यमाकडून चिठ्ठी बदलेल, भाऊंकडून नाही.

सिकलसेलची, म्हणजे आई-बापाकडून लेकरात उतरणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी सुरू झाली आणि सोयरिकी जमवणारे त्या डब्याभोवती घिरट्या घालू लागले. वाहक पोरीला स्वतःला सहसा काही होत नाही. नवराही वाहक निघाला तरच लेकरांना धोका. पण एवढं ऐकून घेतो कोण? एकानं किलोभर पेढे आणले. भाऊंनी खाल्ले, आम्हालाही वाटले.

"मंग भाऊ, पोरीचं रक्त कसं आहे?"

"लाल आहे."

पुढं यादी कॉम्प्युटरवर गेली. आता तो पालथा कसा घालणार? कोणीतरी पडद्याचा फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या वाहकांची नावं. तिसरं नाव साखरपुडा झालेल्या पोरीचं. सकाळी सासरचे दिलेली साडी परत मागायला तिच्या दारात हजर.

भाऊ त्यांच्यासमोर, साऱ्या गावासमोर उभे राहिले. "यादी खोटी आहे. नळ्या माह्या हातानं बदलल्या. साऱ्याइचं रक्त पुन्हा घेतो."

"मंग तीस वर्सं काय केलं बे?" नातवाच्या वयाचं पोरगं म्हणालं. 

मी जन्माचा थापाड्या. थाप मला वासावरून कळते. एवढी महाग थाप मी कधी मारली नाही.

रक्त पुन्हा घेतलं. निकाल ज्याचा त्याच्या कानात. ती पोर होणाऱ्या नवऱ्यालाही घेऊन आली. दोघं आत गेली, दार लागलं. काय निघालं, मला आजही ठाऊक नाही. लग्न झालं, एवढं खरं.

"भाऊ, खरंच बदलल्या?" मी विचारलं. त्यांनी रजिस्टर पालथं घातलं.

चौकशी लागली. त्यांना औषधांच्या गोदामात बसवलं. तिथूनच निवृत्त झाले. "भाऊच्या हातचं रक्त नको," हे मात्र गावात राहिलं.

परवा-परवा ते माझ्या खिडकीशी आले, स्वतःचं रक्त तपासायला. रिपोर्ट घेऊन बाकावर बसले. कागद मांडीवर पालथा.

"काय निघालं, भाऊ?"

"लाल आहे."

महिन्याभरात गेले. घरच्यांनी कारण सांगितलं नाही. लोक मला खोदून विचारतात, केसपेपर तर तुमच्याच खिडकीतला ना?

माझ्याकडे एकाहून एक थापा तयार असतात. मी तोंड उघडत नाही.