मालसुन आणि सोलचा जावई

प्यो मालसुनच्या तोंडाला लागू नये, हे बुसान बंदरातल्या जागाल्चीच्या मासळी बाजारात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. मालसुन म्हणजे शेवटची पोरगी. चार मुलींवर पाचवी झाली तेव्हा बापाने वैतागून, आता पुरे, या अर्थाने ठेवलेलं नाव. त्या अपमानाचं उट्टं ती गेली सदुसष्ट वर्षं दिसेल त्याच्यावर काढत होती.

वामी सोलणं हा तिचा धंदा. वामीचं डोकं फळीवर खिळ्याने ठोकायचं, मानेशी चीर द्यायची आणि कातडं एका ओढीत खाली. राजधानी सोलहून आलेल्या गिऱ्हाइकाचंही ती साधारण असंच करायची, फक्त खिळा वापरायची नाही. सोलची माणसं गोड बोलतात म्हणून तिला आवडत नसत. गोड बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळत नाही, आणि न कळलेली गोष्ट तिला सोसवत नसे.

असल्या बाईचा जीव एका बेसबॉलच्या संघात अडकला होता. बुसानचा संघ, आणि तो बहुतेक हरायचा. नवरा चिलबोक होता तोवर दोघं साजिकच्या मैदानात पहिल्या बेसच्या बाजूला अकराव्या रांगेत बसायची. चिलबोक जहाजाच्या कारखान्यात जोडारी, स्वभावाने गरीब. तो गेल्यावर ती एकटी येऊ लागली. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवायची आणि कुणी ‘इथे कोणी आहे का’ विचारलं तर ‘दिसत नाही का’ म्हणून त्याच्यावर धावून जायची. पाहुण्या संघाच्या सात पिढ्यांचा उद्धार ती एकटी चार माणसांच्या आवाजात करायची. मागच्या रांगेतला टॅक्सीवाला बे म्हणायचा, "मालसुनबाई, तुम्ही आलात की मला कानात कापूस घालावा लागतो."

"कापूस डोक्यातही घाल. रिकामी जागा भरेल," ती म्हणायची.

वर्षातून एकच दिवस तिच्या बाजूच्या तीन खुर्च्या भरत. मे महिन्यातल्या एका रविवारी मुलगी मिर्यंग, जावई इन्हो आणि आठ वर्षांची नात सोदाम सोलहून येत. त्या दिवसासाठी मालसुन बाकीचं वर्ष काढायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती.

आणि त्याच दिवसाची ती दरवर्षी माती करायची. कारण इन्हो.

अकरा वर्षांपूर्वी तो मागणी घालायला आला तेव्हा तिने त्याला थेट मैदानात नेलं. सोलच्या संघाशी सामना होता. बुसानच्या फटक्याला याने टाळ्या वाजवल्या, सोलच्या झेलालाही वाजवल्या. दोन्हीकडे टाळ्या वाजवणारा माणूस! त्याच दिवशी तो तिच्या मनातून उतरला. पुढे कळलं की तो लहानपणापासून सोलच्या संघाचा, बापाच्या खांद्यावर बसून सामने बघितलेला. तेव्हा तर तिने डोक्याला हातच लावला. बरं, काही बोलावं तर हा उलटून बोलत नाही. ‘हो सासूबाई’, ‘बरोबर आहे सासूबाई’. पाण्यात दगड मारावा आणि तरंगही उठू नये, तसं. एका वर्षी तिने त्याच्या टोपीत वामीची आतडी भरून ठेवली होती. गेल्या वर्षी कचऱ्याची नारिंगी पिशवी फुगवून त्याच्या डोक्यावर बसवली. तिथे सगळेच त्या पिशव्या डोक्याला बांधतात, त्यात वावगं काही नाही, पण हिने ती नाकापर्यंत ओढून हनुवटीखाली गाठ मारली आणि आख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "आता कसा चेहरा बघवतो!" इन्हो म्हणाला, "हो सासूबाई." परतताना मिर्यंग गाडीत रडत होती.

म्हणून यंदा मिर्यंगने आधीच फोन केला. "आई, नीट ऐक. त्याला एक वाकडा शब्द बोललीस ना, तर पुढच्या वर्षीपासून आम्ही येणार नाही. सोदामलाही पाठवणार नाही. मी तुझीच मुलगी आहे. म्हटलं की करते."

ते मालसुनला पुरेपूर ठाऊक होतं. ती मनातून घाबरली, आणि घाबरल्याचा राग पुन्हा इन्होवरच निघाला.

सामन्याच्या दिवशी तिने तोंड बंद ठेवायची सोय करून आणली होती. सुकवलेल्या माकुळाचं एक मोठं पाकीट. जीभ शिवशिवली की एक पट्टी तोंडात. इन्होच्या जाकिटाखालून सोलच्या संघाचा सदरा डोकावत होता, दोन पट्ट्या तोंडात. त्याने गिंबापचा, भाताच्या गुंडाळ्यांचा, डबा दोन्ही हातांनी पुढे केला, "सासूबाई, घ्या ना", एक पट्टी. सोलच्या खेळाडूने जोरदार फटका मारला तेव्हा याची टाच नकळत नाचली. चार पट्ट्या एकदम. सहाव्या डावापर्यंत तिचे जबडे दुखायला लागले. बेने मागून विचारलं, "मालसुनबाई, तब्येत बरी आहे ना? अजून कुणाची आई काढली नाहीत."

मिर्यंगने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "छान चाललंय, आई," ती हळूच म्हणाली. मालसुनला बरं वाटलं. बरं वाटल्याचं तोंडावर दिसू नये म्हणून तिने आणखी एक पट्टी चावली.

सातव्या डावात बुसानच्या फलंदाजाच्या बॅटची कड लागून चेंडू तिरका उडाला. फाउल. वर, आणखी वर, आणि मग सरळ अकराव्या रांगेवर. लोक डोकी धरून वाकले. इन्हो उभा राहिला आणि त्याने तो नुसत्या हाताने झेलला. चटका बसल्यासारखा त्याचा हात लाल झाला, पण चेंडू सुटला नाही.

आणि बुसानात जे होतं ते झालं. आख्खी बाजू एका सुरात ओरडायला लागली, "आजुरा! आजुरा!"

बुसानच्या बोलीत ‘आ’ म्हणजे पोर आणि ‘जुरा’ म्हणजे दे. मोठ्या माणसाने चेंडू झेलला की तो जवळच्या पोराला द्यायचा, तिथे वशिला चालत नाही. चिलबोकने आयुष्यात दोनदा चेंडू झेलला आणि दोन्ही वेळा भलत्याच्या पोराच्या हातात ठेवला. मालसुन दोन्ही वेळा आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. तिला तो चेंडू स्वतःला हवा होता. चौतीस वर्षं हवा होता. दुसऱ्या कुणी झेलला की ‘आजुरा’ ओरडण्यात मात्र तीच सगळ्यात पुढे.

इन्होने एकदा गर्दीकडे पाहिलं. शेजारी सोदाम ओंजळ करून उभी होती. तिला ओलांडून तो पुढे आला, वाकला, आणि दोन्ही हातांनी चेंडू सासूसमोर धरला.

मग बेच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे, याला वाटलं ‘आजुम्मा’ म्हणतोय आपण! बाईला दे म्हणतोय!" आणि हशा उसळला. "अहो सोलवाले, पोराला द्या म्हणतोय, म्हातारीला नाही!"

मालसुनच्या हातात चेंडू होता. गरम, एका बाजूला हिरवट डाग पडलेला. तिने नुसतं ‘बरं’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण आजूबाजूला सगळे तिचेच लोक हसत होते आणि माकूळ संपलं होतं.

"अकरा वर्षं!" ती खदखदून हसली, मान मागे टाकून, आख्ख्या रांगेसाठी. "अकरा वर्षं बुसानची पोरगी पदरात आहे आणि एवढं समजत नाही? अरे बावळटा, आ म्हणजे पोर! पोर! तुझ्या सोलच्या कानांत भुसा भरलाय का? सुकी मासळीसुद्धा तुझ्यापेक्षा हुशार!"

मिर्यंगने डब्याचं झाकण लावलं. पिशवीची चेन ओढली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "झालं," ती म्हणाली. "सोदाम, ऊठ. चप्पल घाल."

मालसुनचं हसू जागच्या जागी थिजलं. आपण काय केलं ते तिला कळलं, आणि परत कसं घ्यायचं ते तिला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं.

इन्हो मात्र परत आपल्या खुर्चीवर बसला. त्याने लाल झालेला हात मांडीवर चोळला आणि सासूकडे पाहिलं. मग बोलला. अगदी हळू, पण अस्सल बुसानच्या हेलात, बाजारातल्या माणसासारखा.

"समजतं मला, सासूबाई. पोराला दे, म्हणत होते. मी नीट बघितलं. या रांगेत तुमच्याएवढं लहान पोर मला दुसरं दिसलं नाही."

बेच्या हातातला बियरचा ग्लास कलंडला. मग मागची रांग, तिच्या मागची रांग अशी एकेक करून फुटली. एवढं हसणं त्या बाजूला संघ जिंकल्यावरही ऐकू आलं नसेल. आणि या वेळी ते मालसुनला हसत होते. कुणीतरी सुरू केलं, "आजुरा! आजुरा!" सोदामने ओंजळ पुढे केली.

"नाही देत!" मालसुन चेंडू पोटाशी धरून ओरडली. "माझा आहे! मला दिलाय त्याने!"

त्याबरोबर हशा दुप्पट झाला. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत ती लाल झाली. अकरा वर्षं ज्याला पाणी समजून दगड मारले, त्याने एकाच दगडात तिचं कपाळ फोडलं होतं. तिला भयंकर राग आला होता. आणि रागाच्या तळाशी, तिची तिलाच लाज वाटावी, असा आनंद झाला होता. हा माणूस बोलतो तर!

तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. मुलीला म्हणाली, "पुढच्या वर्षी याला माझ्या शेजारी बसवायचा नाही. सांगून ठेवते."

मिर्यंग पिशवी खांद्याला लावून उभी होती. "पुढच्या वर्षी आम्ही येणार नाही, आई. मी सांगितलं होतं तुला."

मालसुनने मान खाली घालून चेंडूवरचा हिरवट डाग अंगठ्याने पुसला.

"येणार," इन्हो म्हणाला. त्याने बायकोच्या खांद्यावरची पिशवी काढून पुन्हा खाली ठेवली. "आणि मी यांच्या शेजारीच बसणार. अकरा वर्षांचं साठलंय माझं. आज एकच वाक्य झालं."