सपत्नीक सत्कार

घरातल्या मारहाणीवरचा सिनेमा दाखवायचा आणि समुपदेशन केंद्रासाठी मदत गोळा करायची, असं आमच्या महिला मंडळाने ठरवलं, पण भिवंडीत परवडेल असा हॉल मिळेना. शेवटी जवळच्याच वळ गावातल्या एका शेठने आपलं रिकामं गोदाम दिलं, तेही फुकट. शेठ बायकोला मारतो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर रीतसर बैठकही झाली. "आपण गोदाम घेतोय, शेठला नाही," असं मीच तोंड वर करून म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं आणि चहा आला.

गोदामाचं शटर पाडलं की भरदुपारीही काळोख होतो. पडद्यासाठी लूमवरून पांढरं कापड आणलं होतं, त्याला आमच्या गावात तोटा नाही. आवाज मात्र पत्र्यांवर आपटून परत यायचा, त्यामुळे सिनेमातल्या नवऱ्याने एक थोबाडीत मारली की आम्हाला दोन ऐकू यायच्या. पुढच्या सोफ्यावर बसलेला शेठ चक्क रडला, हुंदके देऊन. आमच्या अध्यक्षबाई धावत त्याला पाणी देऊन आल्या. मला हसू आवरेना, म्हणून मी खांबामागे गेले.

बारसं असो की शोकसभा, आमच्याकडे शाल पांघरल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. त्यातून जागा देणाऱ्याचा सत्कार करायचा तो सपत्नीक: त्याला शाल-श्रीफळ, तिची ओटी. कार्यक्रमपत्रिका आम्ही सात बायकांनी वाचली होती. एकीलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

माइक माझ्याकडे होता. "वहिनींनी मंचावर यावं," मी म्हटलं. शेठची बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. ती उठली नाही. लाजत असेल, असं वाटून मी पुन्हा बोलावलं. तरीही उठेना, तेव्हा मी लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. मग ती आली.

ओटी घ्यायला पदर दोन्ही हातांनी पुढे धरतात. तिने तो नुसता उजव्या हाताने धरला. "दोन्ही हातांनी घ्या की," मी माइकवरच म्हणाले.

"डावा वर न्हाय होत, बाय," ती म्हणाली. "मंगळवारपासनं."

सगळ्या गोदामाने ऐकलं. "बाथरूममध्ये घसरली," शेठ शाल सावरत म्हणाला. मी माइकवरून सगळ्यांचे आभार मानले. शटर वर गेलं आणि लोक समोशांकडे वळले.

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. बायकांनो, गप्प बसू नका, असं तासभर पडद्यावरून सांगून झालं होतं. ही बाई चारचौघांत बोलली होती आणि आता त्याच माणसाबरोबर त्याच घरी निघाली होती. शेठ गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. मी तिला गाठलं. "तुम्ही घरी जाऊ नका. माझ्याकडे चला."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "किती दिस?"

माझ्या दोन खोल्या, नवरा आणि सासूबाई एकदम डोळ्यांसमोर आले.

"बघू," मी म्हणाले.

ती गाडीत जाऊन बसली.