बोरीच्या झाडाची जागा

मॉड म्हणजे काय, हे मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तीनदा समजावून सांगितलं. दुसऱ्यानं केलेल्या गेममध्ये आपल्या पदरचं काहीतरी घालायचं, फुकटात, हौसेखातर. अण्णा म्हणाले, "म्हंजे लोकाच्या रानात राबायचं." तिसऱ्या खेपेला मलाही तसंच वाटायला लागलं.

ट्रक चालवायचा एक परदेशी गेम होता. त्यातले बर्फाचे डोंगर काढून तिथं आम्हाला परभणी ते पिंगळी रस्ता बसवायचा होता आणि त्यावरून लाल एसटी पळवायची होती. खड्डे मी स्वतः एकेक करून खणले. ते इतके हुबेहूब उतरले की खुर्चीत बसून खेळणाऱ्याची कंबर धरायची. आम्ही चौघं होतो. रस्ता आणि शिवार माझ्याकडं. बस, घरं, झाडं शेजाऱ्याकडं. त्याचं रान आमच्या रानाला लागून. आवाज पालमच्या एका दोस्ताकडं. एसटीच्या खिडक्यांच्या खडखडाटाचे त्यानं सतरा प्रकार टिपून आणले होते. आणि या सगळ्याची मोट बांधणारी एक इंजिनिअर मुलगी.

मग मुलीला पुण्यात नोकरी लागली. पालमचा दोस्त घरच्यांसोबत ऊसतोडीला गेला. आणि शेजारी एका सकाळी मुकाट्यानं ग्रुपमधून बाहेर पडला. बस त्याच्याच कॉम्प्युटरात होती. बसशिवाय आमचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे, आणि ते तर परभणीत घराबाहेर पडलं की फुकट मिळतात.

वर्ष गेलं. कुणी विचारलं की मी सांगायचो, शेजाऱ्याला जर्मनीच्या कंपनीनं उचललाय, तिकडं तो विमानं काढतोय. हे सांगताना कधीकधी तो दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकलवरून माझ्यामागूनच जायचा.

शेवटी मी माणसं जमवायला ऑनलाइन आवाहन टाकलं. मराठवाड्यातला सगळ्यात मोठा गेम, शेवटच्या टप्प्यात, वगैरे. दोघं आले. एकाला फक्त मामाच्या हॉटेलची पाटी रस्त्यावर हवी होती; ती लागल्यावर तो गेला. दुसऱ्या एक शिक्षिका होत्या, सोलापूरकडच्या, कामाला वाघीण. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोट पुन्हा बांधली आणि बस मागितली. मी जर्मनी काढली. त्या म्हणाल्या, मग जर्मनीत मेल करा ना. आठवड्याभरात बस आली तर मी आहे, नाहीतर नाही.

शेजारी ग्रुप सोडून का गेला ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आमच्या दोघांच्या बांधावर पहिल्यापासून एक बोरीचं झाड. लहानपणी तो त्याच्या बाजूनं दगड मारायचा, मी माझ्या. ज्याच्या रानात बोरं पडतील त्याची. पुढं आमच्या घरच्या नांगरटीत बांध दरसाल वीतभर सरकत गेला, इतका हळू की मातीलाही कळू नये. आज ती बोर आमच्या रानात तीन हात आत उभी आहे. नकाशा करताना मी जुना उपग्रहाचा फोटो उघडला होता. त्यात झाड बरोबर बांधावर. तरी गेममध्ये मी ते आमच्या रानात लावलं. झाड त्यानंच केलेलं, काटा न काटा. लावलेलं कसं दिसतंय ते बघायला त्यानं नकाशा उघडला असणार.

आजवर मी हत्तीएवढ्या थापा मारल्या, कुणाचं काही गेलं नाही. ही तीन हातांची होती.

लॅपटॉप घेऊन त्याच्या गोठ्यात गेलो. तो म्हशीला पेंड घालत होता. त्याच्यासमोर मी झाड उचललं आणि बांधावर ठेवलं. त्यानं हात पुसले, वाकून बघितलं.

"गेममधी आलं जाग्यावर. आन् रानातलं?"

ते अण्णांचं काम, मी म्हणालो, म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार.

"अण्णाला कशाला मधी घेतूस गड्या? दोन सालापासून ट्रॅक्टर कोन चालवायलाय?"

सात तालुक्यांना पुरेल एवढी बडबड माझ्याजवळ असते. त्या दिवशी मी लॅपटॉप मिटला आणि बांधाबांधानं घरी आलो.

नांगरट तोंडावरच आली होती. अण्णा बोरीखाली येऊन बसले. मी ट्रॅक्टर आणला आणि बोरीच्या अलीकडूनच वळवला. पलीकडचे तीन हात तसेच सोडले. मग उतरून फावड्यानं बोरीच्या बुंध्याशी माती ओढत बसलो, जुना बांध होता त्या रेषेत. अण्णा नुसते बघत होते. उठून घरी गेले.

दोन दिवसांनी बसची फाइल आली. सोबत एक अक्षर नाही. शिक्षिकाबाईंना मी जर्मनीचं खरं काय ते लिहून टाकलं. त्यांचं उत्तर आलं, की बस छान आहे, पण मागचा दिवा लागत नाही. शेजारी ग्रुपमध्ये परतला, दिवा लावला. माझ्याशी कामापुरतं बोलतो.

अण्णा तेवढंही बोलत नाहीत. जेवताना मी समोर असतो आणि ते आईला सांगतात, त्याला इचार भाकर पायजे का.

परवा एसटी न थांबता पिंगळीपर्यंत गेली. बघायला या म्हणून मी अण्णांना आईकडून निरोप धाडला. आई परत आली, दारातच उभी राहिली.

"म्हनतेत, ती लोकाच्या रानातून जाती. मी कशाला बसू."