पान उपलब्ध नाही

ग्रंथालयाच्या पायरीवर बसलेली वैष्णवी मोबाइलवर एकच पान पुन्हा पुन्हा उघडू पाहत होती. दर वेळी तेच उत्तर येई: पान उपलब्ध नाही. तिची संख्याशास्त्राची परीक्षा सोमवारी होती.

मला येताना पाहून तिने विचारले, "मॅडम, तुमचं पुस्तक उडालं की काय? मला सोडवलेली उदाहरणं तेवढी हवी होती."

ते पुस्तक माझे एकटीचे नव्हते. कोणालाही ते विनामूल्य वाचता यावे आणि कोणत्याही शिक्षकाला त्यात भर घालता यावी, म्हणून आम्ही काही जणांनी ते मराठीत लिहून महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवले होते. पुढे संकेतस्थळ नवे झाले आणि जुने साहित्य तिकडे हलवणे कोणाच्याच कामात बसले नाही. प्रकरणे माझ्याकडे आहेत. गावोगावच्या शिक्षकांनी जोडलेली उदाहरणे मात्र गेली. जे सर्वांसाठी खुले असते, त्याचीही रोज कोणीतरी निगा राखावी लागते. आम्ही प्रकाशनाचा समारंभ केला, पण निगा कोणाकडे, हे ठरवलेच नाही. आता विचारायचे तरी कोणाला?

वैष्णवीला वर्गात नेले आणि आठवतील ती उदाहरणे फळ्यावर लिहू लागले. कोकणातल्या एका सरांनी मासळीच्या वजनांवर फार सुरेख उदाहरण बेतले होते. त्याचे आकडे काही केल्या आठवेनात. आकड्यांच्या जागी मी रिकाम्या चौकटी काढल्या.

मागून वैष्णवी म्हणाली, "मॅडम, जरा बाजूला होता? आहे तेवढ्याचा फोटो काढते."