रमणीकभाईंचं नाक आणि माझी हिरवी रिंग

भारतीय सैन्याला मी आयुष्यात एकदाच मदत करायला गेले. सैन्य त्यातून सुखरूप बाहेर पडलं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. घाटकोपरला एका औद्योगिक वसाहतीत आमच्या ह्यांचा रबराचा गाळा होता. गाळा म्हणजे एक प्रेस, एक रोलर, दोन कामगार आणि बारा महिने जळक्या टायरचा वास. तिथे कुकरच्या झाकणाच्या रिंगा व्हायच्या. मग कुकरवाल्या कंपनीने रिंगा स्वतःच करायला घेतल्या आणि आमची प्रेस थंड पडली. दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही तर गाळा विकायचा आणि ह्यांनी पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात हजेरी लावायची, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात कळलं की सैन्याला दारूगोळ्याच्या पेट्यांच्या झाकणांसाठी रबरी रिंगा हव्यात. आजवर त्या परदेशातून यायच्या, आता छोट्या कारखानदारांकडून घ्यायच्या होत्या. ह्यांनी अर्ज केला आणि सैन्याचे एक साहेब गाळा बघायला येणार असं ठरलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी लक्ष घातलं.

झालं असं, की वसाहतीच्या हॉलमध्ये ‘लघुउद्योजकांना मार्गदर्शन’ असा कार्यक्रम होता. ह्यांना भाषणं ऐकली की झोप येते, म्हणून मी गेले. व्याख्याते टाय लावून आले होते. त्यांनी जन्मात एक खिळा ठोकला नसावा, पण बोलण्यात अडखळले नाहीत. छोट्या माणसाने नवीन काहीतरी करावं, ‘इनोव्हेशन’ करावं, नाहीतर तो संपला, असं त्यांनी सांगितलं. नवीन म्हणजे काय आणि ते कसं करायचं, हे सांगायच्या आत वेफर्स आले. एवढीच मदत सरकारी खर्चाने मिळाली. मला मात्र ती पुरली. (तेव्हा मी तिशीच्या आत होते आणि मला सगळं कळत होतं. हल्ली तसं होत नाही.)

घरी येऊन मी जाहीर केलं, “रिंगेला हिरवा रंग द्यायचा.”

हे म्हणाले, “अगं, रबराला रंग कशाला? पेटीत बसल्यावर दिसतो कुणाला?”

“साहेबाला दिसतो ना.”

खरं तर तेव्हा घरोघर रंगीत टीव्ही येत होते आणि काळ्या रंगाचं काही उरणारच नाही, असं माझं पक्कं मत झालं होतं. त्यात मिलिटरी म्हटलं की हिरवा! रंगपंचमीची उरलेली हिरवी पूड माळ्यावर होती. ती मी स्वतःच्या हाताने रोलरवरच्या रबरात घातली आणि अंमळ जास्तच घातली. साच्यातून अशा सुरेख पोपटी रिंगा निघाल्या की मुलींना बांगड्या म्हणून घालाव्यात. ह्यांनी एक वाकवून बघितली, ती जरा कुरकुरली. “नवीन आहे, म्हणून,” मी म्हटलं.

मग गाळ्याकडे वळले. दोन्ही कामगारांना पांढरे कोट हवेत, असं ठरवलं. माझा भाऊ एका दवाखान्यात कंपाउंडर होता, त्याच्याकडून आणले. एकाच्या कोटावर आयोडिनचा डाग होता, तो मी खिशावर पेनं लावून झाकला. पण तपासणीचं यंत्र कुठून आणायचं? शेजारच्या गाळ्यातले रमणीकभाई प्लॅस्टिकच्या बादल्या करायचे. बादलीची कडी ओढून बघायचं त्यांचं एक यंत्र होतं, त्याला मोठी गोल तबकडी आणि हलणारा काटा होता. काटा हलला की साहेब गप्प बसतो, हे मला कुणी न सांगता ठाऊक होतं. यंत्र उचलून आणलं.

राहिला डबा.

हा डबा नीट सांगायला हवा. आम्ही कोकणातले, सुकी मासळी नसेल तर आमच्या सासूबाईंना जेवल्यासारखंच वाटायचं नाही. पण आमची बिल्डिंग सगळी शाकाहारी. म्हणून वर्सोव्याहून आणलेल्या सुक्या बोंबलांचा पत्र्याचा मोठा डबा गाळ्यावर राहायचा. तिथे रमणीकभाई. ते जैन, आणि नाक असं की बंद डब्यातला बोंबील भिंतीपलीकडून ओळखायचे. रोज तक्रार. शेवटी ह्यांनी त्या डब्याच्या झाकणासाठी एक काळी रिंग केली, मग दुसरी, मग तिसरी, रबरात हे घाल ते काढ करत. एक दिवस रमणीकभाई स्वतःच विचारायला आले, “डब्बा घेर लई गया के?” म्हणजे, डबा घरी नेलात का? त्या दिवशी रिंग जमली. तेव्हापासून कुठलीही नवी रिंग आधी बोंबलांच्या डब्यावर बसायची. दुपारपर्यंत रमणीकभाई आले नाहीत, की माल पास!

आता हे साहेबाला सांगायचं? मला लाजेने मेल्यासारखं झालं. मी डबा कोपऱ्यात ढकलला, पुढे माझ्या जुन्या साडीचा पडदा लावला आणि पडद्यावर पाटी ठोकली: ‘संशोधन व विकास विभाग’. आणि साहेब असताना वास नको, म्हणून डब्याची कळकट काळी रिंग काढून कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि तिथेही माझी नवी, सुधारित, हिरवी रिंग बसवली.

साहेब यायचे त्या दिवशी सकाळी ह्यांचे चुलते, तात्या, देवाला गाऱ्हाणं घालायला आले. नवीन कामाआधी नारळ ठेवून देवाशी बोलायचं, ही आमची रीत. मी त्यांना बजावलं, “तात्या, साहेब अकराला येणार. सरकारी माणूस म्हणजे बाराला धरा. तोवर आटपा.”

साहेब पावणेअकराला आले. (सरकारी माणूस वेळेआधी येतो, हे मी पुढे कधीच बघितलं नाही. तो एकच, आणि तो आमच्याच वाट्याला.) भरघोस मिशा, कडक इस्त्री. दारातूनच हिंदीत म्हणाले, “चलने दीजिए, चलने दीजिए,” आणि बूट काढून मागे उभे राहिले. उत्तरेकडचा माणूस, ह्याला मालवणी काय कळणार, म्हणून मी निर्धास्त झाले.

तात्यांनी मात्र डोळे मिटलेले. गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की मध्ये तोडत नाहीत, आणि देवापुढे खोटं बोलत नाहीत.

“बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान आज मिलिट्रीच्या सायबाक बोलवल्यान हा. त्येका यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे आणि दोन्ही पांढरे कोट एका सुरात म्हणाले.

“हयसर जा काट्याचा मशीन ठेवला हा, ता आमचा न्हय. ता शेजाऱ्याच्या बादल्येचा. सायबाक ता कळू देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी खोकले. तात्यांनी आवाज चढवला.

“कोट दवाखान्यातले आसत, ते सांभाळून घे! सुनेन रबरात रंगपंचमीचो रंग घातल्यान हा, तिची बुद्धी तितकीच, तिका क्षमा कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” ह्या वेळी ह्यांचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

“आनी पडद्याफाटी सुक्या बोंबलांचो डबो आसा. ह्यो मुलगो त्येच्यारच रिंगा पारखता. त्येचो वास भायर येव देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

हा शेवटचा व्हय मागून आला होता. आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. साहेब हात जोडून, डोळे मिटून उभे होते. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “माका मालवणाक जावन चार वर्सा झाली. गाऱ्हाणा ऐकून बरा वाटला.”

जमिनीत शिरायला जागा शोधत मी पडद्याकडे सरकले, आणि तिथेच मला पहिली झुळूक आली. कुरकुरणारी माझी रिंग रात्रीत तडकली होती. देवाने तात्यांचं बाकी ऐकलं की नाही कोण जाणे, शेवटचं मात्र साफ फेटाळलं. तेवढ्यात नाकावर रुमाल धरून रमणीकभाई दारात हजर.

“बेन, आ शुं? डब्बा खुल्ला ठेवला काय?”

“हे कोण?” साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “आमचं तपासणीचं यंत्र, साहेब. खरं.”

मग ह्यांनी सगळं सांगितलं. जुनी काळी रिंग कचऱ्याच्या टोपलीतून काढली, डब्यावर बसवली, झाकण दाबलं, पंखा लावून वास घालवला. साहेबांनी रमणीकभाईंना आपल्या हाताने धरून डब्याशेजारी खुर्चीवर बसवलं. बिचारे जीव मुठीत धरून बसले होते. चहा आला, संपला. साहेब त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, हे डब्याकडे बघत होते, आणि मी ह्यांच्याकडे. गाळा राहणार की जाणार, ते त्या एका नाकावर ठरायचं होतं.

रमणीकभाईंनी रुमाल काढला. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं.

“हवे बराबर,” ते म्हणाले. “कंई नथी. काय वास नाय.”

ह्यांनी आधीच करून ठेवलेल्या काळ्या रिंगा साहेबांनी नमुना म्हणून पिशवीत भरल्या. “आमच्या प्रयोगशाळेत रीतसर तपासणी होतली,” ते म्हणाले, “पण पेटयेत दमट हवा जावची न्हाय आनी डब्यातलो वास येवचो न्हाय, गोष्ट एकच.” निघताना त्यांची नजर पाटीवर गेली. त्यांनी हिरवी रिंग उचलली, तिचे दोन तुकडे झाले.

“ही कोणी केल्यान?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “संशोधन व विकास विभागाने.”

“तो विभाग आजच बंद करा.”

नमुने तिकडे पास झाले, प्रेस पुन्हा गरम झाली आणि गाळा राहिला. पुढे वर्षानुवर्षं नवा माल तयार झाला की हे शेजारच्या गाळ्यात जाऊन विचारायचे, “रमणीकभाई, काय म्हणता?” मला कुणी काही विचारलं नाही.

हल्ली नातू मला इनोव्हेशन म्हणजे काय ते समजावून सांगतो. मी ऐकून घेते. त्या पोपटी रिंगा फेकायला माझा जीव झाला नाही. त्यातली एक, बरी राहिलेली, माझ्या सुकटीच्या डब्यावर अजून आहे. म्हणून तर आमच्या डब्यात काय आहे, ते आताच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच विचारावं लागत नाही. लिफ्टमध्ये कळतं.