नऊ नंबरच्या विहिरीवरचा तास

माझ्या साडूला सगळे थांबेराव म्हणतात, कारण तो प्रत्येक कामात थांबतो. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर तो माझ्यानंतर तीन वर्षांनी लागला, पण सासरी मोठा जावई तोच. बायको म्हणते, "भाऊजी बघा, कधी आवाज चढवत नाहीत." मी म्हणतो, "आवाज चढवायला आधी तोंड उघडावं लागतं." आडपडदा कशाला, मी त्याच्यावर जळतो.

आम्ही विहिरी सांभाळतो. सात त्याच्या, सात माझ्या. विहिरीत नळात नळ असतात, आणि खालचा वायू नि वरची माणसं यांच्यात कायम दोन धड अडसर हवेत. आतला गळायला लागला की नळांमधल्या पोकळीत दाब साठतो. तो सोडायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि काटा परत चढतो का ते बघायचं. मी दाब सोडायचो, काटा खाली आला की वहीत शून्य लिहायचो आणि पुढची विहीर गाठायचो. थांबेराव मात्र स्टूल टाकून तासभर काट्यासमोर बसायचा. त्याच्या वहीत भलभलते आकडे, माझी वही चकाचक. प्रमुखाची जागा निघाली तेव्हा मी मनातल्या मनात त्या खुर्चीवर बसूनही आलो होतो. चौदा वर्षं तिच्यावर डोळा होता माझा.

निवडीच्या आदल्या आठवड्यात तो स्टूल घेऊन माझ्या नऊ नंबरवर हजर.

"साडूभाऊ, काल जाताना ऐकलं, हिचा दाब सुटायला फार वेळ लागतोय. बसू या जरा."

"तुमच्या विहिरी संपल्या वाटतं?"

त्याने स्टूल टाकलं. मी दाब सोडला, व्हॉल्व्ह बंद केला. दहा मिनिटं काटा ढिम्म. "बोलावू का फोटो काढायला?" मी म्हटलं. विसाव्या मिनिटाला काटा हलला. चाळिसाव्याला होता तिथे परत. आतला अडसर गेला होता, आणि प्लॅटफॉर्मवरची नव्वद माणसं किती महिने एकाच अडसराच्या भरवशावर झोपत होती, कुणास ठाऊक. माझी शून्यं काही सांगणार नव्हती.

त्याने पेन पुढे केलं. "विहीर तुमची. तुम्हीच लिहा."

विहीर तातडीने बंद झाली. अहवालावर सही माझी.

निवडीच्या दिवशी मोठे साहेब म्हणाले, "तासभर बसून गळती पकडणारा माणूसच मला प्रमुख म्हणून हवा." मी थांबेरावाकडे पाहिलं. त्याचं एक वाक्य पुरलं असतं. तो बुटांकडे बघत राहिला. माझंही एक वाक्य पुरलं असतं. मीही गप्प राहिलो.

जागा मला मिळाली. आता तो मला चारचौघांत साहेब म्हणतो, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. टोमणा मारत असता तर निभावलं असतं. तो मनापासून म्हणतो.